पोर आमचा, पेपर तुमचो

गेल्या मंगळवारी सकाळी मी बालरोगतज्ज्ञ झालो. चहाचा पहिला घोट घेताना मोबाइल उघडला आणि पत्र दिसलं. 'परमआदरणीय प्राध्यापक डॉक्टर' अशी सुरुवात, पुढे माझं आडनाव, तेही मोडकं. बालकांच्या आरोग्याला वाहिलेल्या एका आंतरराष्ट्रीय संशोधन-पत्रिकेला माझ्या अमूल्य लेखाची प्रतीक्षा आहे म्हणे. लेख अठ्ठेचाळीस तासांत पाठवावा. तज्ज्ञांकडून तपासणी बहात्तर तासांत होईल. संपादक मंडळावरची एक खुर्चीही माझ्यासाठी पुसून ठेवली आहे.

मी एकतीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवलं. व्याकरणाच्या चाचणीला अर्ध्या वर्गाच्या पोटात दुखायचं, एवढाच माझा बालरोगाचा अनुभव. तो मी कुठे छापलेला नव्हता. तरी ह्या मंडळींना कळला, म्हणजे त्यांचं जाळं दांडगंच म्हणायचं.

खरा मुद्दा पत्राच्या तळाशी बारीक अक्षरांत होता. छपाईचा आकार सहाशे डॉलर, विकसनशील देशांतल्या विद्वानांना चाळीस टक्के सूट. मालवणच्या बाजारात दिवस कलल्यावर उरलेल्या बांगड्याचा भाव असाच उतरतो. तिथे निदान बांगडा समोर दिसतो, डोळा लाल की पांढरा ते बघता येतं.

भाचा मोठ्या शहरात बालरोगाचं पीजी करतो. त्याला फोन लावला. "मामा, चोर आहेत ते. डिलीट करून टाक," तो म्हणाला. मग थोडा थांबला आणि आवाज खाली आणून विचारता झाला, "सूट धरून किती होतात म्हणालास?"

इथे गोम आहे. वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणाऱ्याला बढती हवी तर छापलेले संशोधन-लेख दाखवावे लागतात. नियम चांगल्या हेतूने आला असेल. पण आपल्याकडे तहसीलदाराच्या ऑफिसात नवा फॉर्म निघाला की दुपारपर्यंत समोरच्या टपरीवर तो भरून देणारा बसतो. इथेही तसाच बसला. ह्याच्या टपरीला 'इंटरनॅशनल' म्हणतात एवढंच.

ह्या टपऱ्या किती पोकळ, ते २०१३ साली जॉन बोहॅनन नावाच्या पत्रकाराने 'सायन्स' ह्या अमेरिकी साप्ताहिकातर्फे तपासून पाहिलं. त्याने एक बनावट लेख लिहिला. दगडफुलातून काढलेलं द्रव्य म्हणे कर्करोगावर चालतं. (दगडफूल म्हणजे आपण मसाल्यात घालतो तेच.) लेखात चुका अशा की बारावीच्या विज्ञानाच्या पोरालाही दिसाव्यात. हा लेख त्याने ३०४ पत्रिकांना धाडला. १५७ जणांनी आनंदाने घेतला, ९८ जणांनी परत केला, बाकीच्यांचा हिशेब लागला नाही. भारतातून चालणाऱ्यांचा निकाल तर डोळ्यांत भरण्यासारखा होता. ६४ होकार, १५ नकार. आमच्या ग्रामसभेत गटाराचा ठरावसुद्धा एवढ्या मताधिक्याने पास होत नाही.

पुढे २०१९ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने हैदराबादच्या ओमिक्स ह्या प्रकाशन-कंपनीला अशाच फसवाफसवीसाठी पाच कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरायला सांगितली. त्याच वर्षी आपल्या यूजीसीने भरवशाच्या पत्रिकांची यादी केली आणि २०२५ मध्ये ती यादीच मोडीत काढली. रेशनकार्डावरचं मेलेल्या माणसाचं नाव ह्याहून जास्त वर्षं टिकतं.

एवढं झाल्यावर 'संशोधन-पत्रिका म्हणजे पैसे काढायचे धंदे' असा निकाल द्यायला आमच्या गावाला चहा संपायचीही गरज पडली नाही. गावाचं नावच कट्टा. मालवण-कसाल रस्त्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्या एसटीपासून अमेरिकेच्या अध्यक्षापर्यंत सगळ्यांची तपासणी इथे बसल्याजागी होते. शास्त्रीय पत्रिकेत लेख आला की तो दोन-तीन जाणकारांकडे जातो, ते कोण हे लेखकाला बहुतेक वेळा कळत नाही, आणि ते महिनोन् महिने पिडतात. हा आकडा कुठून आणला, तुलनेला कोण घेतलं, जे मधेच सोडून गेले त्यांचं काय झालं. आमच्याकडे दहा जण तपासतात, दहाही जण एकमेकांना बारशापासून ओळखतात आणि निकाल जागच्या जागी मिळतो. "दात येतत, जुलाब जातलेच." निकाल. "पावसात केळा दिल्यार छाती भरता." निकाल. पुरावा मागितलात तर, "आमच्या झिलाचा झाला तसाच."

आमच्या झिलाचं झालं तसंच, हा संशोधनाचा पहिला अर्धा भाग आहे, हे मात्र मी मानतो. वैद्यकाची सुरुवात एका पोरापासूनच होते. दुसरा अर्धा भाग कट्ट्यावर कोणी करत नाही. तो करायला महाडला एक माणूस बसला होता.

विंचू घ्या. कोकणात विंचवाला पत्ता विचारावा लागत नाही. चिऱ्यांचा गडगा, लाकडांची रास, पेंढ्याची उडवी, परसातली चप्पल. मोठा काळा विंचू दिसायला भयंकर, पण मारतो तो लहान, तांबडा. मोठ्या माणसाच्या अंगात जेवढं विष जातं तेवढंच बारा-पंधरा किलोच्या पोराच्या अंगात जातं, म्हणून पोरंच जास्त जात. दरदरून घाम, उलट्या, हातपाय गारढोण, मग छातीत पाणी भरून तोंडाला फेस. गावोगाव विंचू उतरवणारे होते. ज्याला काळा चावला तो उतरवणाऱ्याचा भक्त व्हायचा. ज्याला तांबडा चावला तो भक्त व्हायला उरायचा नाही. उतरवणाऱ्याची कीर्ती अशी दोन्हीकडून सुरक्षित.

डॉ. हिम्मतराव बावस्कर जालना जिल्ह्यातले, नागपूरला शिकले आणि १९७६ मध्ये महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. विंचू चावलेली पोरं डोळ्यांदेखत जात होती, आणि चालू उपचारांनी काही होत नव्हतं. त्यांनी केलं ते एवढंच, की पेशंटच्या खाटेपाशी बसले आणि लिहून ठेवलं. घाम किती वाजता फुटला, नाडी किती, रक्तदाब किती, हात कधी गार पडले, आधी काय आणि मागून काय. ही चोपडी १९८२ मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये लेख होऊन छापली गेली. लंडनच्या पदपथावर तांबडा विंचू फिरत नाही, तरी छापली. मग त्यांच्या ध्यानात आलं की विषाने शरीरातली जी यंत्रणा बेफाम सुटते तिला लगाम घालणारी गोळी आधीच बाजारात आहे. प्राझोसिन, रक्तदाबाची, साधी. १९८६ मध्ये तेही 'लॅन्सेट'मध्ये आलं. पूर्वी अशा गंभीर दंशात शंभरातले तीस-चाळीस जात, ते प्रमाण त्यांच्या नोंदींप्रमाणे एकाच्या आसपास आलं. २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये महाडच्याच सत्तर पेशंटांची चाचणी आली. नुसत्या गोळीवर पस्तीसपैकी आठ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले, गोळीच्या जोडीला विंचवाचं प्रतिविष दिल्यावर पस्तीसपैकी बत्तीस. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. गोळीला पद्मश्रीच्या कितीतरी आधी मान मिळाला होता, म्हणून चाललं.

कट्ट्यावर हे सांगितलं तेव्हा एकाने रास्त प्रश्न विचारला. "पोर बरा झाला मां? मगे लंडनाक पत्र कित्याक?"

कारण पोर बरं झालं हे गावाला कळतं. ते कशाने बरं झालं हे छापलं नाही, तर पुढच्या तालुक्यातलं पोर उतरवणाऱ्याकडेच जातं. मे २००० मध्ये 'इंडियन पेडिॲट्रिक्स'मध्ये विंचूदंशावर सविस्तर लेख आला, तो पाँडिचेरीच्या जिपमेर ह्या वैद्यकीय संस्थेतल्या डॉक्टरांचा. महाड ते पाँडिचेरी एसटी नाही. कागद गेला.

ही 'इंडियन पेडिॲट्रिक्स' बालरोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेची पत्रिका. संघटना १९६३ची, पत्रिका १९६४ची. तिच्याही आधी, १९३३ मध्ये, कलकत्त्याला डॉ. के. सी. चौधुरी यांनी 'इंडियन जर्नल ऑफ पेडिॲट्रिक्स' सुरू केली होती. मूल म्हणजे छोट्या मापाचा मोठा माणूस, औषध अर्धं करून द्या, असं समजण्याच्या काळात मुलांसाठी निराळी पत्रिका काढणं धाडसच. अजूनही किती घरांत बापाची गोळी अर्धी करून झिलाला देतात ते मी सांगायला नको. आमच्या घरातलं तर मुळीच सांगणार नाही.

कलकत्त्याला सुरू झालेल्या ह्याच पत्रिकेत १९९२ मध्ये एक लेख आला, तो मला सगळ्या मोठमोठ्या शोधांहून जास्त आवडतो. लेखक गडचिरोलीचे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग. विषय, मण्यांची चौकट. लहान मुलाला न्यूमोनिया झाला की श्वास भरभर चालतो. दोन महिन्यांखालच्या बाळाचे मिनिटाला साठ किंवा जास्त, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत पन्नास किंवा जास्त, पुढे पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा जास्त, हे धोक्याचे आकडे. हे मोजायला एक्स-रे लागत नाही. पण गावातल्या सुईणीला साठपर्यंत मोजता येत नव्हतं. कोणीही शहाणा माणूस म्हणाला असता, आधी सुईणींना साक्षर करा, समिती नेमा, अहवाल येऊ द्या. बंगांनी एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी एका चौकटीत बसवले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत धोक्याच्या मण्याला हात लागला तर न्यूमोनिया. सुईणीला दहापर्यंत येत होतं. काम झालं.

आता हा शोध छापायला किती मोठं धैर्य लागतं ते बघा. मोठमोठ्या यंत्रांच्या लेखांमध्ये 'आम्ही मणी ओवले' असं लिहायचं. आणि संपादकाचंही कौतुक, की त्याने ते छापलं. मंगळवारच्या माझ्या संपादकांनीही छापलं असतं म्हणा. पण त्यांनी माझी वांग्याच्या भाजीची कृतीसुद्धा छापली असती.

बंगांचं पुढचं काम जास्त प्रसिद्ध आहे. गडचिरोलीत ३९ गावांत बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्यांनी नवजात बाळांना घरीच तपासायचं, वजन करायचं, ऊब द्यायची, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शनसुद्धा द्यायचं. तुलनेला ४७ गावं होती, तिथे सरकारी सेवा होती तशीच चालू राहिली. तीन वर्षांत ३९ गावांत नवजात मृत्यूंचं प्रमाण ४७ गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी उतरलं. डिसेंबर १९९९ च्या 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं.

त्या ४७ गावांचा विचार माझ्या मनातून जात नाही. तिथल्या बाळांची नोंद झाली, म्हणून ३९ गावांचा आकडा खरा ठरला. लेखावर नाव डॉक्टरांचं, यादीत गाव. पोर आमचा, पेपर तुमचो. पण ती ४७ गावं मोजली नसती तर कोणीतरी म्हणालंच असतं की त्या वर्षी पाऊस बरा होता म्हणून पोरं वाचली. कट्ट्यावरच म्हणालं असतं.

ह्या कागदाचं पुढे काय होतं ते मला आमच्याच माजघरात बघायला मिळालं. लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. नातू सात दिवसांचा. गावची आशा कार्यकर्ती, आमची आशाताई, आली, चप्पल बाहेर काढली, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि पिशवीतून झोळीचा काटा, थर्मामीटर, घड्याळ बाहेर काढलं. मी नेहमीप्रमाणे काहीतरी बोलायला लागलो.

"सर, एक मिनिट गप रवा. माका श्वास मोजूचे आसत."

एकतीस वर्षं मी हे वाक्य दुसऱ्यांना ऐकवलं. गप राहिलो. तिने बाळाचं दुपटं वर केलं आणि पोटाकडे बघत पूर्ण मिनिट मोजलं. "अठ्ठेचाळीस. साठाच्या आत आसत. काळजी नाय."

तेवढ्यात शेजारची काकी सहाण घेऊन आली. वेखंड, हळकुंड, जायफळ, सगळं तयार. आशाताई म्हणाली, "काकी, सहा म्हयने आवशीच्या दुधाशिवाय कायएक नको. पाणीव नको."

काकी भडकली. "आमका घुटी दिली नाय? आमी मेलव काय?"

"काकी," आशाताई काट्याची दोरी गुंडाळत म्हणाली, "जे जगले तेच सांगूक उरले. जे नाय जगले ते खंय येवन सांगतले?"

काकीने सहाण पदराखाली घेतली. मी मनात म्हटलं, हे वाक्य कुठल्या कॉलेजात शिकली ही? बालरोगाची पत्रिका वर्षानुवर्षं हेच तर करते. जे सांगायला उरले नाहीत त्यांची विचारपूस. आमच्या कट्ट्यावर फक्त जगलेले बसतात, म्हणून आमचे सगळे उपाय शंभर टक्के गुणकारी.

आशाताईने 'लॅन्सेट' पाहिलेलं नाही. पण तिची ती फेरी गडचिरोलीच्या त्याच कामावरून आलेली. केंद्र सरकारने २०११ मध्ये घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची योजना देशभर आणली. बाळ दवाखान्यात जन्मलं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचं. घरी जन्मलं तर पहिल्या दिवशीही. लेख १९९९चा, योजना २०११ची. मधल्या बारा वर्षांत कागद कुठल्या टेबलावर पडून होता हा प्रश्न मी विचारत नाही. आमच्या वाडीच्या साकवाची फाइल त्याहून जुनी आहे.

वजन भरलं दोन किलो सातशे. बारशाला आलेल्या प्रत्येकीने नातवाचा दंड चिमटीत धरून 'सुकलोसो दिसता गो' म्हटलं आणि सुंठवडा खाल्ला. मी तेव्हा पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांना आठवत होतो. केईएम रुग्णालयाच्या त्यांच्या चमूने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं मोजली. सरासरी जन्मवजन तेवढंच, दोन किलो सातशेच्या आसपास. इंग्लंडात साउथॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन किलो. पण मोजताना दिसलं की आपल्या बाळांचे स्नायू कमी असले तरी कातडीखालची चरबी त्या मानाने कमी नाही. काडी दिसणारं बाळ आतून गुबगुबीत. पुढे मोठेपणी मधुमेह एवढा का, ह्याचा एक धागा इथे सापडतो. २००३ मध्ये हे छापून आलं. तेव्हा बारशाला 'सुकलोसो' म्हणत पोराला तूप-साखर चारायच्या आधी बायांनी पुण्याला एक फोन करावा. पाच वर्षांच्या पुढच्या पोरांसाठी पुण्याच्याच डॉ. वामन खाडिलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय मुलांची मापं धरून उंची-वजनाचे तक्ते केले, ते २०१५ मध्ये 'इंडियन पेडिॲट्रिक्स'मध्ये आले. तोवर आमच्याकडे पोर बारीक की जाड हे सासरच्या माणसांवरून ठरायचं.

आता पैशाचं. खऱ्या पत्रिका फसवत नाहीत, पण म्हणून फुकट वाचायला मिळतात असं नाही. कित्येक पत्रिकांचा एक लेख वाचायचा तर तीस-चाळीस डॉलर टाकावे लागतात. पोर आपलं, सुईण आपली, विंचूसुद्धा आपला, आणि कुलूप परदेशी प्रकाशकाचं. सरकारने ह्यावर 'एक देश, एक वर्गणी' काढली. १ जानेवारी २०२५ पासून सुरू, तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, तेरा हजारांच्या आसपास पत्रिका. योजना चांगली आहे, चिमटा काढायला जागा शोधावी लागते. सापडली. ही दारं उघडतात सरकारी उच्चशिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी. म्हणजे ओरोसच्या नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातला विद्यार्थी वाचेल, आनंद आहे. पण तालुक्याच्या गावी स्वतःचा दवाखाना थाटून रात्री दोनला विंचू चावलेलं पोर बघणारा डॉक्टर ह्या योजनेत नाही. महाडला स्वतःचं रुग्णालय चालवत 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लेख छापून आणणारा माणूस आज नव्याने सुरुवात करता, तर त्याला वर्गणी आपल्या खिशातून भरावी लागली असती.

आणि आशाताईचं तर नावच घेऊ नका. तेरा हजार पत्रिकांतली एकही मराठीत असेल असं वाटत नाही, मालवणीत तर दूरच. मी भाच्याला म्हटलं, तुम्ही लेखाच्या सुरुवातीला सारांश देता ना, त्याखाली दहा ओळी मराठीत द्या, ज्या गावची पोरं मोजलीत त्या गावच्या बोर्डावर लावता येतील अशा. तो म्हणाला, "मामा, त्याला मार्क नाहीत." खरं आहे. बोर्डावरच्या दहा ओळींनी कोणाची बढती झालेली मी तरी पाहिली नाही.

ह्या सदराच्या वाचकांत एखादा बालरोगतज्ज्ञ असेल, खरा, मंगळवारी झालेला नव्हे, तर त्याला हात जोडून सांगतो, त्या दहा ओळी लिहा. शुद्धलेखन मी तपासून देतो, आकार नाही.

त्या पत्राला मी उत्तर धाडलं नाही. काल त्यांचं दुसरं पत्र आलं. माझ्या मौनाने ते व्यथित आहेत, सूट आता साठ टक्के, म्हणजे दोनशे चाळीस डॉलर. आशाताई आज एकविसाव्या दिवसाची फेरी करून गेली. तिच्या सहाही फेऱ्यांचे मिळून सरकारने २०११ साली ठरवले ते अडीचशे रुपये.